मुनीमची लस आणि मास्तरांचा चढ

"बाबा, मुनीमचं इंजेक्शन झालंय ना?" लेकीने फोनवर विचारलं आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी मागचापुढचा विचार न करता सांगून टाकलं, "झालं की! केव्हाच!"

"नक्की ना? कारण हे म्हणतायत, कुत्र्याची लस आणि तपासणी झाली असेल तरच बाळाला घेऊन जायचं. नाहीतर पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात कशाला? उद्या म्हणजे उद्याच यायचं! जावईबापूंना सांग, मुनीम ठणठणीत आहे म्हणावं."

फोन ठेवला आणि मगच आपण काय बोलून बसलो ते मास्तरांच्या लक्षात आलं. जावईबापूंचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिची मुदत वाचायची त्यांना सवय होती. सासऱ्याच्या शब्दाला मुदत नसते असं ते कधीच मानणार नव्हते. आल्या आल्या ते विचारणार, लस कधी दिली, कोणी दिली. आणि खरी गोष्ट अशी होती की गेले कित्येक दिवस बायको "मुनीमला घेऊन जा, लस द्यायची वेळ झालीय" असं सांगून थकली होती आणि मास्तर "उद्या नक्की" असं सांगून अजिबात थकले नव्हते. नात जन्मल्यापासून मास्तरांनी तिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. तेसुद्धा बऱ्याचदा तिचा एक कान आणि बाकी घराचं छत. तिला प्रत्यक्ष मांडीवर घ्यायला ते इतके आतुर झाले होते की गेला आठवडाभर उशी मांडीवर घेऊन सराव करत होते.

मुनीम म्हणजे त्यांचा कुत्रा. तपकिरी, गुबगुबीत, आणि चेहऱ्यावर सदानकदा कोणीतरी हिशेबात घोळ केल्याचा भाव, म्हणून मुनीम. रोज सकाळी शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर बसून फिरणं हा त्याचा हक्क होता. गाडी नीट चालली की तो झोपायचा. क्लच घाईने सुटला की एक डोळा उघडायचा. आणि गाडी चौकात बंद पडली की उठून बसायचा, शिकणाऱ्याच्या मानेकडे बघायचा आणि मोठा सुस्कारा सोडायचा. मास्तरांचं ओरडणं लोक एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देत, पण मुनीमचा सुस्कारा जिव्हारी लागायचा. त्यामुळे शिकायला येणारा प्रत्येकजण खिशात बिस्किटं घेऊनच यायचा.

मग लस का राहिली होती? याचं उत्तर मास्तरांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती.

म्हणजे येत होती. एके काळी उत्तम येत होती. पण अर्ध्या शहराला गाडी शिकवता शिकवता त्यांचं आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं होतं. पायाशी जादा ब्रेक, जादा क्लच, आणि समोर सदैव दुसऱ्याच्या चुका. स्वतः स्टिअरिंगवर बसायची वेळच येत नव्हती. मधे एकदा घरी कोणी नसताना मुनीमला मागे बसवून ते हिमतीने स्टिअरिंगवर बसले. सवयीने तोंडातून निघालं, "आरसा बघा!" पण बघायचं कोणी, हेच कळेना. चूक झाली की दुसऱ्याला कसं झापायचं हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं, स्वतःला कसं झापायचं ते मात्र ते कधी शिकलेच नव्हते. गाडीने तीन गचके खाल्ले आणि फाटकाजवळची मोठी कुंडी आडवी केली. मागून सुस्कारा आला. त्या दिवसापासून लस "उद्या"वर गेली होती.

बरं, दुसऱ्या कोणत्या मार्गानं जावं तर टॅक्सीवाले मुनीमचा आकार बघून काच वर करायचे. प्राण्यांचा दवाखाना टेकडीवर, आणि चालत टेकडी चढायचं मुनीमचं वय राहिलं नव्हतं, वजन तर नव्हतंच नव्हतं.

मास्तरांनी घाईघाईने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजच या, आणि दुपारच्या आत या. मी दवाखाना बंद करून आठवडाभर भावाकडे चाललेय." पुढे त्या काहीतरी सांगू पाहत होत्या, पण मास्तरांनी "आलोच, आलोच" म्हणून फोन ठेवलासुद्धा. बायको बाळासाठी दुपटी आणायला बाजारात गेली होती. ती परत यायच्या आत सगळं उरकायला हवं होतं. तेवढ्यात फाटक वाजलं आणि साडेदहाच्या शिकवणीच्या ग्रंथपालबाई आत आल्या.

मास्तरांना त्या क्षणी त्या देवासारख्या भेटल्या.

ग्रंथपालबाईंचं सगळं आयुष्य वाचनालयात गेलं होतं, त्यामुळे त्या रस्त्यातसुद्धा कुजबुजत बोलायच्या. हॉर्न वाजवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "उगाच कोणाला तरी त्रास," असं त्या म्हणायच्या.

"आज आपण जरा नवा रस्ता घेऊ," मास्तर म्हणाले. "टेकडीच्या बाजूला. तिकडे हवा छान असते."

"मुनीमच्या गळ्यात आज पट्टा का?" बाईंनी हळूच विचारलं.

"शिस्त, बाई. शिस्त."

गाडी निघाली. पहिल्याच चौकात मास्तर म्हणाले, "उजवीकडे घ्या."

बाईंनी गाडी थांबवली आणि हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले. "उजवं वळण दुसऱ्या आठवड्यात, असं तुम्हीच सांगितलंय. माझा पहिला चाललाय."

"अहो, आज अपवाद."

"तुम्हीच म्हणता, क्रम मोडला की गाडी मोडते."

हे मास्तरांचं स्वतःचं वाक्य होतं, आणि ते रोज चारचौघांत इतक्या जोरात म्हणत की आता ते मागे घेणं शक्य नव्हतं. त्यांनी डोकं चालवलं. तीन वेळा डावीकडे वळलं की गाडी आपोआप उजव्या दिशेला लागते. "ठीक आहे, मग डावीकडेच घ्या. आणि घेतच राहा." बाई मनापासून घेत राहिल्या. फक्त कुठे थांबायचं ते चुकलं, आणि गाडी फिरून पुन्हा मास्तरांच्याच रस्त्याला आली. तिथे समोरच्या बाजूला दुसरं ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्याच्या मालकाला मास्तर नावाने कधी हाक मारत नसत, नुसतं "समोरचा" म्हणत. समोरचा दारात चहा पीत उभा होता. त्याने कप उंचावून नमस्कार केला.

दुसऱ्या फेरीला त्याने कप खाली ठेवला. तिसऱ्या फेरीला त्याची बायकोही बाहेर आली आणि तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मास्तरांनी असा चेहरा केला की जणू हाच आजचा धडा आहे. मागून मुनीमने सुस्कारा सोडला आणि बाईंनी न बघता एक बिस्कीट मागे केलं.

चौथ्या खेपेला वळण जमलं आणि गाडी टेकडीच्या रस्त्याला लागली. मास्तरांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच समोर एक टेम्पो आडवा उभा. दोन हमाल त्यातून भलामोठा सोफा उतरवत होते आणि सोफा बिल्डिंगच्या दारातून आत जात नव्हता.

"हॉर्न द्या, बाई."

"काम करतायत हो ते. मी विनंती करते." आणि बाई खाली उतरून गेल्यासुद्धा.

मास्तरांनी शेजारच्या सीटवरून पाहिलं. बाई हमालांना काहीतरी सांगत होत्या. हमालांना ते ऐकू येत नव्हतं. एकजण कानाला हात लावून वाकला, आणि वाकताना त्याचा हात सुटला म्हणून बाईंनी चटकन सोफ्याचा तो कोपरा धरला. एकदा धरल्यावर सोडणार कसा? पुढची काही मिनिटं ग्रंथपालबाई सोफ्याबरोबर कधी आत, कधी बाहेर होत राहिल्या. मागे गाड्यांची रांग लागली आणि सगळ्यांनी मिळून हॉर्नचा असा कल्लोळ केला की मुनीमही त्यात सामील झाला. स्टिअरिंग मोकळं होतं, किल्ली लागलेली होती, आणि शहरातले सगळ्यात जुने मास्तर बाजूच्या सीटवर अंग चोरून बसले होते.

"अहो मास्तर!" मागच्या गाडीतून कोणीतरी डोकं बाहेर काढून ओरडलं. "मी तुमच्याच हाताखाली शिकलो! तुम्ही घ्या की गाडी बाजूला!"

"विद्यार्थ्याची सवय बिघडते!" मास्तरांनी तितक्याच जोरात उत्तर दिलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

शेवटी सोफा एकदाचा आत गेला. बाई परत आल्या त्या फुललेल्या चेहऱ्याने. "तिरका केल्यावर गेला," त्यांनी समाधानाने सांगितलं आणि गाडी पुढे काढली. पण टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी पुन्हा ब्रेक लावला.

"आता काय?" मास्तरांचा आवाज रडवेला झाला होता.

"चढ आहे."

"दिसतोय मला."

"चढ शेवटच्या आठवड्यात." बाईंनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि अदबीने मास्तरांच्या हातात ठेवली. "इथून तुम्ही चालवा. मी शेजारी बसून शिकते."

मास्तरांनी किल्लीकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं. वर डॉक्टरीणबाई सामान बांधत असतील, बाजारात बायको दुपटी निवडत असेल, आणि दूर कुठेतरी जावईबापू बाळाची टोपी पेटीत ठेवावी की नको या विचारात असतील. आता लपवून काही उपयोग नव्हता. मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. लस, लेक, नात, थाप आणि कुंडी.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्हाला गाडी चालवता येत नाही?"

"येते हो. पण सांगायला कोणी नसलं की येत नाही."

"एवढंच ना?" बाई उतरल्या, वळसा घालून आल्या आणि मास्तरांचं दार उघडून म्हणाल्या, "व्हा तिकडे."

मास्तर स्टिअरिंगवर बसले. बाई त्यांच्या जागेवर बसल्या, जादा ब्रेकवर पाय ठेवला आणि एक लांब श्वास घेतला. मग जे काही झालं त्याने मुनीमसुद्धा दचकून उठला.

"सीट पुढे घ्या!" बाई कडाडल्या. "आरसा बघा! आरसा भांग पाडायला नाहीये! क्लच पूर्ण दाबा, पूर्ण! पाय आहे का लाकूड आहे?"

वाचनालयात इतकी वर्षं दाबून ठेवलेला आवाज एकदम मोकळा झाला होता. एकेक वाक्य मास्तरांचं स्वतःचं होतं, पण ते ऐकताना असं लागतं हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. गंमत म्हणजे हातपाय मात्र आपोआप ऐकू लागले. गाडी हलली. चढाच्या मध्यावर बंद पडली, मागे घरंगळायला लागली. बाईंनी जादा ब्रेक कचकन दाबला. "घाई कोणाला झालीय? मला झालीय का? परत करा!" मास्तरांनी परत केलं. पुढे एक म्हातारे गृहस्थ रस्त्याच्या मधोमध चालले होते. "हॉर्न!" बाई ओरडल्या, आणि मास्तरांचा हात पोचायच्या आत स्वतःच पलीकडे वाकून त्यांनी तो असा वाजवला की गृहस्थ कठड्यावर जाऊन बसले.

गाडी माथ्यावर पोचली तेव्हा मास्तरांनी आरशात पाहिलं. मुनीमने एक डोळा मिटला होता. एक उघडा होता, पण सुस्कारा आला नव्हता. मास्तरांना इतका आनंद त्यांच्या पहिल्या लायसन्सच्या वेळीसुद्धा झाला नव्हता.

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या दाराला कुलूप लावतच होत्या. मास्तर धापा टाकत पुढे झाले. "थांबा! फक्त एक इंजेक्शन! माझी नात अडकलीय हो त्यात!"

डॉक्टरीणबाईंनी खाली पाहिलं. "अरे मुनीम! तू पुन्हा?"

"पुन्हा म्हणजे?"

"तेच तर फोनवर सांगत होते, तुम्ही ऐकून घ्याल तर. लस गेल्या आठवड्यातच दिली त्याला. कान, दात, नखं, पोट, सगळं तपासून झालं. तुमच्या मिसेस घेऊन आल्या होत्या."

"आमची? ती आणील कशी? टॅक्सीवाले तर..."

"टॅक्सी कशाला? गाडी स्वतः चालवत आल्या की! सोबत एक मैत्रीण होती नुसती बसायला." डॉक्टरीणबाईंचा चेहरा कौतुकाने उजळला. "काय सुरेख चालवतात हो! मी खिडकीतून बघत होते. हा चढ बघून भलेभले रडकुंडीला येतात. आणि हा मुनीम मागे घोरत होता, उठवून आत आणावा लागला. तुम्हीच शिकवलं असणार, दुसरं कोण!"

मास्तरांचं तोंड उघडलं ते मिटेना. "कोणती गाडी होती?"

"पिवळी. वर तुमच्या स्कूलची पाटी होती ना?"

मास्तरांची गाडी पांढरी होती. त्यांच्या रस्त्यात पिवळी गाडी एकच होती, आणि ती समोरच्याची होती.

ग्रंथपालबाईंनी त्यांच्या कोपराला धरून हळूच बाकावर बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आलाच आहात तर बरं झालं. वजन पुन्हा बघायला मी याला बोलावलंच होतं." कुलूप उघडलं, मुनीम काट्यावर चढला आणि डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "वाढलंच आहे! याला बिस्किटं कोण देतं?"

ग्रंथपालबाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली आणि त्या भिंतीवरचं कुत्र्याच्या दातांचं चित्र लक्षपूर्वक वाचायला लागल्या.

परतीला गाडी बाईंनीच चालवली. उतार कितव्या आठवड्यात असतो हे त्यांनी विचारलं नाही, उजवीकडेसुद्धा दोनदा वळल्या, आणि वाटेत तीन वेळा हॉर्न वाजवला, त्यातला एक निव्वळ हौसेने. शेजारी मास्तर मुनीमचा पट्टा बोटाला गुंडाळत होते. रागवावं की रडावं हे त्यांचं ठरत नव्हतं. लेकीला आपण थाप मारली आणि ती थाप खरी निघाली, एवढं एक मात्र त्यांना राहून राहून गुदगुल्या करत होतं.

घरी बायको दुपट्यांच्या घड्या घालत बसली होती. मुनीमने तिच्या पायाशी अंग टाकलं.

"पोरीचा फोन आला होता," ती मान वर न करता म्हणाली. "म्हणाली, बाबा सांगत होते, मुनीमचं इंजेक्शन झालं."

"मग? झालंच आहे."

"हो ना. झालंच आहे."

मास्तरांनी मुनीमचा पट्टा खुंटीला लावला. मग मास्तर म्हणाले, "पिवळ्या गाडीतून."

बायकोने घडी बाजूला ठेवली. "कळलं वाटतं."

"अगं, पण समोरच्याकडे? गाडीच शिकायची होती तर मी मेलो होतो का? माझ्याकडे शिकली असतीस!"

"तुमच्याकडे शिकले असते तर चौथ्या दिवशी माहेरी गेले असते. तेसुद्धा चालत."

"निदान सांगायचंस तरी!"

"उद्या कळलंच असतं. पोरीला आणायला स्टेशनवर मीच जाणार होते गाडी घेऊन. तुमच्या भरवशावर काय तिला तान्ह्या बाळासकट फलाटावर उभी करू?"

"म्हणजे तुला माझं... ते..."

"माहितीय मला. लग्नाला जायचं म्हटलं की तुमची कंबर धरते. आजारी माणसाला बघायला जायचं म्हटलं की टायर बसतो. आणि तुम्ही शेजारच्या सीटवर बसलात की कंबर, टायर, सगळं ठीक. एवढ्या वर्षांत मला काहीच कळलं नसेल?"

मास्तरांना खरं तर फार राग यायला हवा होता. पण टेकडी, सोफा, सोफा धरलेल्या ग्रंथपालबाई आणि कठड्यावरचे ते गृहस्थ असं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि ते खो खो हसत सुटले. बायकोही हसायला लागली. उद्या नात घरी येणार होती, जावईबापूंना खुशाल काय ते विचारू दे, आणि बायको त्या चढावरून अशी गाडी नेत होती की कुत्रा घोरत होता. मास्तरांची छाती अभिमानाने भरून आली. हा अभिमान समोरच्याच्या खात्यात जमा होणार, एवढंच काय ते शल्य होतं.

"समोरचा शिकवतो तरी बरा?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"ते कुठे शिकवतात? मला वहिनींनी शिकवलं, त्यांच्या बायकोने. तुमचं सांगितलं तर त्या हसून हसून खाली बसल्या. त्यांच्याकडेही अगदी तेच चाललंय. शेजारी बसून ओरडायला वाघ, आणि एकट्याने गाडी काढून दाखवा म्हटलं की गुडघा दुखतो."

मास्तर उठून खिडकीशी गेले. रस्त्यापलीकडे समोरचा अजून दारातच उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. समोरच्याने या वेळी कप उंचावला नाही, नुसतीच मान खाली घातली.

"सोमवारपासून वहिनी त्यांना शिकवणार आहेत," मागून बायको म्हणाली. "तुमचंही नाव घालून आलेय मी. एकच गाडी, दोघांना मिळून. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे बसायचं."

"त्याच्याबरोबर?" मास्तर गर्रकन वळले. "अगं, मी मागे बसणार आणि तो चालवणार? त्याला क्लच तरी कळतो का? मी एकेक चूक काढून त्याला असा..."

"तेवढं जमणार नाही," बायको दुपट्याची घडी नीट करत म्हणाली. "मागच्याने तोंड उघडलं तर वहिनी त्याला तिथल्या तिथे खाली उतरवणार आहेत."